शिकवणं मोजायचं तर वॉर्डात या

मागच्या अंकात एका वाचकाला उत्तर देताना, ‘हाताला गुण असलेला डॉक्टर चांगला शिकवतोच असं नाही,’ असं मी लिहून गेले. मेडिकल कॉलेजांत हे सदर इतकं वाचलं जातं याची मला कल्पना नव्हती. या वेळचं टपाल जवळजवळ सगळं त्याच विषयावर आहे. तेव्हा मधुमेह, गुडघे आणि झोपेच्या गोळ्या यांना या महिन्यापुरती सुटी.

मॅडम, मी एका खासगी मेडिकल कॉलेजात सर्जरीचा विभागप्रमुख आहे. यंदापासून व्यवस्थापनाने प्रत्येक शिक्षकाच्या शिकवण्याला गुण द्यायचे आणि त्यावर वेतनवाढ ठरवायची असं काढलं आहे. गुण येणार विद्यार्थ्यांच्या गुगल फॉर्मवरून: दहा प्रश्न, प्रत्येकाला एक ते पाच तारे. पहिल्याच फेरीत आमचा सर्वांत मेहनती असोसिएट प्रोफेसर तळाला गेला आणि ज्यांचं वॉर्डात दर्शन दुर्लभ ते वर आले. ॲनाटॉमी-फिजिओलॉजीवाल्यांची फारशी तक्रार नाही, बोंब आहे ती वॉर्डात, रुग्णांवर शिकवणाऱ्या आम्हा क्लिनिकलवाल्यांची. फॉर्म बंद करा म्हणावं, की दुसरं काही सुचवावं?

फॉर्म बंद करा म्हणू नका. ‘तुम्हाला मोजून घ्यायचंच नाही’ असं ऐकून घ्यावं लागेल, आणि त्यात तथ्य आहे. रुग्णाचं क्रिएटिनिन दशांश चिन्हापुढे वाचणारी आपली जमात स्वतःच्या शिकवण्याची तपासणी म्हटली की अंग चोरते. बढतीसाठी आजवर काय पाहिलं गेलं? नोकरीची वर्षं, छापलेले शोधनिबंध, आणि अलीकडे वैद्यकीय शिक्षणतंत्राचा बेसिक कोर्स केल्याचं प्रमाणपत्र. हजेरी आधी बोटाने लागायची, आता चेहऱ्याने लागते. पण माणूस इमारतीत होता एवढंच त्यातून कळतं. तो खाटेशी उभा राहून काय करत होता, हे यातल्या एकाही कागदावर नाही. म्हणून व्यवस्थापनाला निदान प्रश्न तरी पडला याचं मी स्वागतच करते. उत्तर मात्र त्यांनी घाईत उचललं आहे.

ॲनाटॉमीवाले गप्प का, ते बघा. एक हॉल, एक वेळापत्रक, एक विषय, आणि दीडशे मुलं एकाच माणसाला ऐकतात. तुमच्याकडे दहा-बारा जणांची बॅच येते. सोमवारी ओपीडी, मंगळवारी ऑपरेशन थिएटर, बुधवारी इमर्जन्सी. क्लिनिक, म्हणजे खाटेशी भरणारा वर्ग, सुरू होऊन दहा मिनिटं झाली की कॅज्युअल्टीतून फोन येतो आणि शिकवणारा धावत जातो. उरलेलं क्लिनिक घेतो जेआर-टू, म्हणजे दुसऱ्या वर्षाचा निवासी डॉक्टर. मुलं फॉर्म भरतात पोस्टिंगच्या, म्हणजे त्या विभागातल्या पाळीच्या, शेवटच्या दिवशी, एकगठ्ठा. त्यावर छापलेलं असतं युनिट दोन आणि युनिटप्रमुखाचं नाव, त्यामुळे जेआर-टूने घेतलेल्या क्लिनिकचे तारे जातात साहेबांच्या खात्यात. तुमच्याकडच्या ‘दुर्लभ दर्शन’वाल्यांचा नंबर वर कसा लागला, याचा शोध तुम्ही इथून सुरू करा.

दुसरी गोष्ट ताऱ्यांची. 1970 साली अमेरिकेत एक गमतीचा पण बोचणारा प्रयोग झाला. मायकेल फॉक्स नावाच्या नटाला ‘डॉ. मायरन फॉक्स’ बनवून मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ वगैरे जाणकारांपुढे उभं केलं. विषय दिला, गणिती गेम थिअरीचा डॉक्टरांच्या शिक्षणात उपयोग. व्याख्यान मुद्दाम पोकळ रचलेलं होतं: परस्परविरोधी विधानं, बनवलेले शब्द, अधूनमधून विनोद. श्रोत्यांनी भरून दिलेले अभिप्राय बहुतांशी चांगले होते. 1973 मध्ये हे छापून आलं आणि तेव्हापासून विद्यार्थ्यांच्या अभिप्रायावर बोलताना त्याचं नाव निघतंच. त्याहून ताजा प्रयोग जर्मनीतल्या म्युन्स्टरचा, 2018 मध्ये प्रसिद्ध झालेला. इमर्जन्सी मेडिसिनच्या एकाच कोर्सला काही गटांपुढे चॉकलेटची बिस्किटं ठेवली, काहींपुढे नाही. बिस्किटवाल्यांनी शिक्षकांना जास्त गुण दिले, आणि अभ्याससाहित्यालाही. तुमच्या तळाला गेलेल्या असोसिएटना हे वाचायला द्या, जरा हसतील.

याचा अर्थ मुलांना कळत नाही असा नाही. ‘शिकवणं कसं वाटलं?’ विचारलं की वाटण्याचंच उत्तर येणार. घडलं काय ते विचारा. या पोस्टिंगमध्ये तुम्ही रुग्ण तपासत असताना सर स्वतः शेजारी उभे होते का? तपासून झाल्यावर काय बरोबर आणि काय चुकलं हे सांगितलं का? तुमच्या निदानामागचं कारण विचारलं का? माहीत नसलेली गोष्ट ‘माहीत नाही’ म्हणायची भीती वाटली का? अशा प्रश्नांना बिस्किटं खाऊनही खोटं उत्तर देणं जड जातं. प्रत्येक ओळीपुढे ‘हे शिक्षक मला भेटलेच नाहीत’ हा पर्याय ठेवा. तुमच्याकडचे निम्मे घोळ या एका चौकटीत मिटतील.

प्रश्न स्वतः रचत बसायची गरज नाही. स्टॅनफर्डला केली स्केफ आणि सहकाऱ्यांनी क्लिनिकल शिक्षकांसाठी जे काम केलं, त्यातून सव्वीस प्रश्नांची एक प्रश्नावली निघाली. शिकण्याचं वातावरण, सत्रावर पकड, उद्दिष्ट सांगणं, समजणं आणि लक्षात राहणं, मुलांची पारख, अभिप्राय देणं आणि स्वतःहून शिकायला लावणं, अशी तिची सात अंगं. दुसरी नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टची. ती उस्ताद-शागिर्दाच्या नात्यावर उभी आहे: आधी करून दाखवणं, मग करताना पाहणं, हळूहळू हात सोडणं. मला ही दुसरी आपल्या वॉर्डांना जास्त जवळची वाटते. पण दोन्हींतून उचलताना तुमच्याकडे खरोखर घडू शकतं तेवढंच उचला. जिथे एका वेळी तीन बॅचेस एकाच वॉर्डात घुसतात, तिथे ‘स्वतंत्रपणे शोध घेण्यास प्रोत्साहन’ या ओळीपुढे मुलं डोळे मिटून चार देतात.

आणि आठ-दहा मुलांनी भरल्याशिवाय एखाद्या शिक्षकाची सरासरी काढूच नका. तिघांच्या ताऱ्यांची सरासरी म्हणजे त्या तिघांची त्या दिवशीची मनःस्थिती. ऑर्थो आणि मेडिसिनची एकमेकांशी तुलना तर नकोच. प्लास्टर घालणं दिसतं, हाताला लागतं आणि मुलं खूश होतात. मेडिसिनच्या वॉर्डात पाऊण तास नुसती हिस्टरी चालते. शिक्षकाची तुलना त्याच्याच मागच्या वर्षाशी करा.

एवढं करूनही फॉर्म अर्धंच काम करतो. उरलेल्या अर्ध्यासाठी कुणीतरी जाऊन पाहायला हवं. निवृत्तीनंतर मला अधूनमधून बाहेरची निरीक्षक म्हणून बोलावतात. अशाच एका वॉर्डात एक तरुण असिस्टंट प्रोफेसर सहा मुलांना घेऊन खाटेशी आल्या. रुग्ण माइट्रल स्टेनोसिसची, म्हणजे हृदयातली एक झडप अरुंद झालेली बाई. मॅडमनी आधी पडदा ओढला आणि विचारलं, ‘ताई, ही मुलं शिकतायत. छातीला नळी लावून ऐकली तर चालेल ना?’ ताई हो म्हणाल्या. पहिल्या मुलाने स्टेथोस्कोप लावला, मान हलवली, ‘काही नाही ऐकू येत, मॅडम.’ मॅडमनी उत्तर सांगितलं नाही. ‘काय असावं असं वाटतं? आणि ते कशावरून?’ त्याने चाचरत सांगितलं. मग त्यांनी बाईंना डाव्या कुशीवर वळायला सांगितलं, मुलाने जागा शोधली, स्टेथोस्कोपची बेल, म्हणजे खोलगट बाजू, टेकवली आणि गच्च दाबून धरली. मॅडमनी दोन बोटांनी त्याचं मनगट किंचित उचललं. ‘आता?’ मुलगा ऐकत राहिला, मग नुसती मान डोलावली. ‘दाबल्यावर गेला कुठे आवाज?’ मागून एक मुलगी म्हणाली, ‘दाबलं की खालची कातडी ताणून डायफ्रॅमसारखी, स्टेथोस्कोपच्या चपट्या बाजूसारखी होते, मग खर्जातला आवाज गाळला जातो.’ मॅडम मुलाला म्हणाल्या, ‘जागा अचूक धरलीस. हात हलका ठेव, बास.’ मग ताईंचे आभार मानून त्यांना पांघरूण नीट करून दिलं.

सिएटलच्या फॅमिली मेडिसिनवाल्यांनी 1992 मध्ये गर्दीतल्या शिकवण्यासाठी पाच कौशल्यं मांडली: मत द्यायला लावा, पुरावा विचारा, सगळीकडे चालेल असा नियम सांगा, बरोबर ते नेमकं सांगा, चूक दुरुस्त करा. एका खाटेशी ती पाचही माझ्यासमोर घडली. त्याच मॅडमच्या फॉर्मवर नंतर पाहिलेला शेरा असा: ‘एकाच पेशंटवर अडकतात, सिलॅबस होत नाही.’ मुलाचंही खोटं नव्हतं. त्याच्यापुढे पदव्युत्तर प्रवेशाची नीट-पीजी आहे, खिशातल्या फोनवर प्रश्नसंच आहेत, आणि त्या परीक्षेत बेल किती दाबायची हे कुणी हात धरून तपासत नाही. विद्यापीठाच्या निकालावरून वॉर्डातला शिक्षक मोजू पाहणं हे म्हणूनच वजनकाट्यावर ताप बघण्यासारखं आहे. आजकालचा निकाल पुष्कळसा कोचिंग ॲपचा असतो.

तेव्हा व्यवस्थापनाला असं सुचवा. प्रत्येक शिक्षकाचं क्लिनिक वर्षातून दोन-तीनदा दुसऱ्या विभागातल्या सहकाऱ्याने पाहावं. सर्जरीवाल्याने बालरोगाचं, बालरोगवाल्याने सर्जरीचं. आपल्याच विभागातला निरीक्षक असला की विषयावर बोलतो, परका असला की शिकवण्यावर बोलतो. पाहणाऱ्याच्या हातात वरच्या पाच गोष्टींचा आणि रुग्णाशी वागण्याचा एक साधा कागद असावा. क्लिनिक संपल्याबरोबर दोघांनी कँटीनमध्ये बसून बोलावं, आणि तो कागद त्या शिक्षकाकडेच राहावा. तो वेतनवाढीच्या फाइलला लावला की पुढच्या वेळी तुम्हाला नाटक बघायला मिळेल, घोटून पाठ केलेलं.

पैसा द्यायचाच असेल तर तो अशा गोष्टींवर द्या ज्या मोजता येतात आणि खोट्या करणं कठीण असतं: ठरलेली क्लिनिकं किती झाली, किती रद्द झाली, रद्द झालेली भरून काढली का, लॉगबुकवर, म्हणजे मुलाच्या कामाच्या नोंदवहीवर, सही करताना मुलाला खरंच तपासताना पाहिलं होतं का. शेवटची गोष्ट शोधायला मुलाला बोलावून तीच प्रोसिजर करायला सांगा, दोन मिनिटांत कळतं. आणि इमर्जन्सीच्या दिवशी क्लिनिक ठेवून मग ते बुडालं म्हणून शिक्षकाचे गुण कापणं बंद करा. तो दोष वेळापत्रक करणाऱ्याचा.

मी फायनल इयरला आहे. ‘फॉर्म निनावी आहे, मोकळेपणाने लिहा’ असं सांगतात. पण आमची बॅच नऊ जणांची. त्यात मी एकटीच बाहेरच्या राज्यातून आलेली आहे, माझं इंग्रजी लगेच ओळखू येतं. इंटर्नल परीक्षेचे गुण त्याच शिक्षकांच्या हातात. खरं लिहू का?

इंटर्नलचे गुण लागायच्या आधी लिहू नकोस. हा सल्ला मी डोळे उघडे ठेवून देते आहे, डीनसाहेबांनी रागवायचं तर खुशाल रागवावं. फॉर्म उघडलास की वर तुझा ईमेल दिसतो का बघ. ‘ईमेल गोळा करा’ ही सोय चालू ठेवून त्याच पानावर ‘निनावी’ लिहिलेले फॉर्म मी पाहिले आहेत. बॅचच्या प्रतिनिधीने मेडिकल एज्युकेशन युनिटकडे दोन मागण्या कराव्यात: अभिप्राय सहा महिन्यांचे एकत्र करूनच शिक्षकापर्यंत जावेत, आणि मोकळे शेरे त्याच एज्युकेशन युनिटच्या माणसाने आधी वाचून ओळख पटेल असे तपशील काढून द्यावेत. शेरा लिहिताना माणसावर लिहू नकोस, प्रसंगावर लिही. ‘उद्धट आहेत’ यावरून कुणी काही करू शकत नाही. ‘रुग्णासमोर माझ्या उच्चारांची नक्कल केली’ यावर करावं लागतं. आणि अपमान, शिवीगाळ किंवा त्याहून वाईट काही असेल तर ती गोष्ट ताऱ्यांच्या फॉर्मवर टाकू नकोस. तिच्यासाठी तक्रार समित्या आहेत, तिथेच जा.

सरकारी रुग्णालयात मेडिसिनचा जेआर-टू आहे. इंटर्नना आयव्ही (शिरेतली सुई) लावायला, एबीजी (धमनीतलं रक्त) घ्यायला, रात्री दीड वाजता ईसीजी वाचायला आम्ही शिकवतो. एमबीबीएसच्या मुलांची क्लिनिकंही अर्धी आम्हीच घेतो. मूल्यमापन मात्र फक्त प्राध्यापकांचं. आम्हाला कुणी मोजत का नाही?

कारण मोजलं तर पगारपत्रकात नसलेलं काम कागदावर येईल, आणि मग ते कुणाला दिलं, किती तास दिलं हेही विचारावं लागेल.

तुझं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. जॉन्स हॉपकिन्सला रेसिडेंट पद्धत ज्यांच्या हाताखाली रुजली, त्या विल्यम ऑस्लरनी म्हणून ठेवलं आहे की आपल्या थडग्यावर ‘याने वॉर्डात विद्यार्थ्यांना शिकवलं’ याखेरीज काही नको. आपल्याकडे ते काम आज तुम्ही करता आणि थडग्याचा हक्क विभागप्रमुखांचा. नेदरलँड्समध्ये काही वर्षांपूर्वी रेसिडेंटांनी आपल्या शिक्षकांना जोखायची, आणि शिक्षकांनी त्याच प्रश्नांवर स्वतःलाही जोखायची पद्धत सुरू झाली. दोन आकडे शेजारी ठेवले की ज्या अंगात फरक मोठा, तिथेच बोलणं सुरू होतं. तीच पद्धत एक पायरी खाली आणा: इंटर्ननी तुम्हाला जोखावं, तुम्ही स्वतःला. आदेशाची वाट बघू नका. युनिटमध्ये चार रेसिडेंट मिळून महिन्याच्या शेवटी इंटर्नना दोनच प्रश्न विचारा: या महिन्यात कुठली गोष्ट स्वतःच्या हाताने करायला शिकलास? कुठली करायला सांगितली, पण शिकवली नाही? दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं वाचताना मान खाली जाईल, तयारी ठेव. मोठ्या शिरेत घालायच्या सेंट्रल लाइनपेक्षा ‘नातेवाइकांना मृत्यू सांगायला एकट्याला पाठवलं’ ही तक्रार जास्त येते.

तीन वर्षांनी असिस्टंट प्रोफेसरच्या मुलाखतीला बसशील तेव्हा ते कागद बरोबर ने. निदान एक तरी परीक्षक डोकं वर करून बघेल.

मला 3.1 मिळाले, माझ्याबरोबर लागलेल्या सरांना 4.6. आम्ही दोघं स्त्रीरोग विभागात असिस्टंट प्रोफेसर. माझ्या फॉर्मवर ‘फार प्रश्न विचारतात’, ‘खडूस’ असे शेरे. मी शिकवणं बदलावं का, मॅडम?

प्रश्न विचारणं बदलू नका. बाई कडक बोलली तर खडूस आणि बुवा कडक बोलला तर शिस्तीचा, हे आपण सगळ्या जणी नोकरीभर ऐकत आलो. फॉर्म ते धुऊन काढत नाही, उलट त्याला दशांश चिन्ह लावून परत देतो. विभागप्रमुखांना सांगा की आकडा बाजूला ठेवून दोघांचं एकेक क्लिनिक कुणीतरी पाहावं.

एक मात्र तपासा. प्रश्न कुणाला विचारता? उत्तर येत नाही हे माहीत असलेल्या मुलालाच रोज विचारत असाल तर ती परीक्षा झाली, आणि तीही सगळ्यांसमोर. आधी प्रश्न, मग दोन श्वास थांबून नाव, आणि चुकीच्या उत्तरातला बरोबर तुकडा उचलून पुढे जाणं, एवढं केलं तरी खडूसपणा पुष्कळ खाली येतो.

माझे वडील एका मोठ्या रुग्णालयात यकृताच्या आजाराने दाखल होते. सकाळ-दुपार मुलामुलींचे घोळके यायचे, पोट दाबायचे, इंग्रजीत बोलायचे, जायचे. शिकावं त्यांनी, आमची ना नाही. पण शिकवणाऱ्यांना गुण देतात असं ऐकतो, मग ज्यांच्या पोटावर शिकतात त्यांना का नाही विचारत?

दादा, या महिन्याच्या सगळ्या टपालात तुमचं पत्र मला सर्वांत जास्त आवडलं.

वडिलांना सगळं दिसलेलं असणार. कुणी आधी विचारलं, कुणी सरळ शर्ट वर केला. कुणी हात चोळून गरम करून लावला. कुणाच्या सरांनी ‘दुखतंय का, थांबू का?’ म्हटलं आणि कुणी पायथ्याशी उभं राहून ‘ही केस’ म्हणत वीस मिनिटं बोललं, जणू खाटेवर माणूसच नाही. यकृताच्या आजारात प्लीहाही वाढू शकते, म्हणून मुलं तीही चाचपतात. मोठी प्लीहा शोधायची तर बोटं उजव्या जांघेच्या वरून सुरू करून तिरकी डाव्या बरगडीकडे न्यायची असतात. हे न शिकवता पाठवलेली मुलं डाव्या बरगडीखालीच खुपसत राहतात, ती वेदना तुमच्या वडिलांनी सोसली. म्हणजे शिक्षकाने काय शिकवलं नाही, हे त्यांच्या पोटाला कुठल्याही फॉर्मच्या आधी कळलं होतं.

वॉर्डाच्या सिस्टर इनचार्जलाही हे सगळं माहीत असतं. कोण रोज येतं, कोण सही करून जातं, कुणाची बॅच आली की पडदे ओढले जातात. त्यांनाही कुणी विचारत नाही.

वरच्या सर्जरीच्या साहेबांना मी हे इथूनच सांगते: डिस्चार्जच्या वेळी रुग्णाला तीन प्रश्न विचारायची सोय करा. मुलांनी तपासण्याआधी तुमची परवानगी घेतली का? पडदा होता का? तुमच्या आजाराबद्दल नंतर तुमच्या भाषेत कुणी काही सांगितलं का? विचारायचं काम डॉक्टरांनी करू नये, त्यांना ‘सगळं छान’ असंच उत्तर मिळतं. सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक असतात, खासगीत सोशल वर्कर. त्यांनी तोंडी, मराठीत विचारावं. वॉर्डवार उत्तरं लावून ठेवली तरी पुरे, रुग्णाचं नाव नको.

आणि वडील पुन्हा दाखल झाले तर त्यांना सांगून ठेवा: दमलो असेन, दुखत असेल किंवा नुसतं नको वाटत असेल तरी ‘आत्ता नको’ म्हणता येतं. त्यासाठी कारण द्यावं लागत नाही आणि त्यापायी उपचारात कुचराई करायचा अधिकार कुणाला नाही. वडील संकोची असतील तर तुम्ही म्हणा. घोळक्यातल्या एकाला मात्र, जमलं तर, संध्याकाळी परत यायला सांगा. एकटं आलेलं पोर नीट ऐकतं.